साडूच्या डब्याचं झाकण

माणसाला हळद आयुष्यात एकदा लागते. मला दोनदा लागली. पहिली माझ्या स्वतःच्या लग्नात, रीतसर, पाच सवाष्णींच्या हातून. दुसरी माझ्या धाकट्या मेहुणीच्या लग्नात, एका कपॅसिटरच्या हातून.

अठ्ठ्याहत्तर साल असावं. सांगलीत गूळ-हळदीच्या पेठेच्या तोंडाशी माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि सासर खंडाळ्याजवळ, म्हणजे सातारा जिल्ह्याच्या पार वरच्या टोकाला. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला मी सासऱ्यांच्या रेडिओसाठी स्वतःच्या हातानं एक एलिमिनेटर करून नेला होता. (एलिमिनेटर म्हणजे भिंतीतली वीज घेऊन सेलचं काम करणारी पेटी. सेल विकत आणायचा खर्च वाचला, म्हणून सासरे जाम खूश!) तेव्हापासून गावात कुणीही रेडिओचं काही विचारलं की सासरे मिशीवरून हात फिरवत म्हणायचे, "रेडिओचं आमचं सांगलीचं पावनं बघत्यात."

या एका वाक्यावर मी आठ वर्षं जगलो. सासरच्या गावी एसटीतून उतरलो की माझी चालसुद्धा बदलायची.

मग मधल्या मेहुणीचं, सुमनचं लग्न झालं आणि आमच्या घरात जयसिंगराव आले. माझे साडू. मूळचे कर्नाटकाच्या शिवेवरच्या जत तालुक्यातले, फौजेत सिग्नलमध्ये हवालदार. उंच, सरळ, गालाला खळी. सासूबाईंना पहिल्या दिवसापासून "आई" म्हणायचे. (मी आठ वर्षं "मामी" म्हणत होतो. "आई" म्हणता येतं हे मला सुचलंच नव्हतं!) पंगतीत बसायच्या ऐवजी वाढायला उठायचे. बरं, वर स्वभावानं गरीब. असल्या माणसाचा राग यायला आणखी काय कारण लागतं?

तरी मी गप्प होतो, कारण रेडिओ माझ्याकडे होता. आणि एक दिवस बायकोनं पोस्टकार्ड वाचून दाखवलं.

"आवं, सुमीचं पत्र हाय. धाकल्या बेबीच्या लग्नात स्पीकर लावायचाय न्हवं, त्येच्यासाठी जयसिंगरावांनी घरीच पॉवर सप्लाय बनवलाय म्हणं. अर्ध्या किलोचा."

"किती अँपिअरचा?"

"त्ये न्हाई लिवलं. अर्धा किलो लिवलंय."

मी हसलो. चांगला मोठ्यानं हसलो. बारा व्होल्टवर चालणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला पुरेल एवढी वीज द्यायची तर आत ट्रान्सफॉर्मर लागतो आणि नुसता ट्रान्सफॉर्मरच चार किलोचा होतो. अर्ध्या किलोत काय, साडूच्या खळ्या मावणार? हसून झालं आणि मग माझ्या लक्षात आलं की ताटातली भाकरी तशीच आहे. अ‍ॅम्प्लिफायर माझा, कर्णा माझा, माइक माझा, आणि त्यांच्या पोटात वीज घालणार हा? खरं सांगायचं तर मला त्या माणसाचा भयंकर हेवा वाटत होता.

आमच्या पेठेत सगळा माल वजनावर ठरतो. गुळाची ढेप हाताला हलकी लागली की घेणारा तोंड फिरवून पुढच्या अडतीला जातो. त्याच पेठेत वाढलेल्या माझ्या डोक्यानं ठरवलं की ह्याला उत्तर द्यायचं ते वजनानंच. मी पंधरा दिवस दुकानातली गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारून एलिमिनेटर बनवला. पोलादी पट्ट्यांचा ट्रान्सफॉर्मर, त्यावर करंगळीएवढी जाड तार, वर अ‍ॅल्युमिनियमची गर्मी उडवणारी पाती. समोरच्या अडत्याच्या काट्यावर ठेवला. अकरा किलो! काट्यावरचा हमालसुद्धा म्हणाला, "माल हाय गड्या!"

आता यात एक गोम होती. सासरच्या गावात विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की दोनशे तीस व्होल्ट दीडशेवर येऊन टेकायचे. ट्रान्सफॉर्मर येईल त्याच्या प्रमाणातच देणार; मग तो अर्ध्या मणाचा असो की पाच मणांचा. हे मला माहीत नव्हतं का? धंदाच होता माझा! पण जळफळाट झाला की माणूस शिकलेलं विसरतो. मला मनातून वाटत होतं की एवढा धष्टपुष्ट ट्रान्सफॉर्मर काही दमायचा नाही.

सांगली ते सातारा आणि सातारा ते खंडाळा, मी ती पेटी मांडीवर घेऊन गेलो. सोबत सासूबाईंसाठी पेठेतली निवडून घेतलेली पाच किलो हळद. सातारला गाडी बदलताना कंडक्टरनं पेटी उचलून पाहिली आणि विचारलं, "पाटा नेताय व्हय माहेरला?" बायको खिडकीतून बाहेर बघून हसत होती. माझ्या मांड्यांना मुंग्या आल्या होत्या, पण मी अभिमानानं बसलो होतो.

लग्नाच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी, सासऱ्यांनी अंगणात परीक्षाच घेतली. आधी माझी पेटी. सासऱ्यांनी माइक हातात घेतला. "हालोऽ हालोऽ, मांडवातल्या समद्या पावण्यांनी..." काय आवाज! शेजारच्या वस्तीवरची कुत्री उठून बसली. मी बायकोकडे पाहिलं. तेवढ्यात सासरे ओरडले, "हां, आता चालू करा रं मोटारी!"

मोटारी सुरू झाल्या. माझ्या पेटीनं "हूंऽऽ" केलं आणि सासऱ्यांचा आवाज हळूहळू खाली जाऊ लागला. "...पावण्यांनी... जेवल्याबिगर..." पुढचं विहिरीच्या तळातून आल्यासारखं वाटलं. मग नुसतंच गुरगुरणं.

जयसिंगरावांनी पिशवीतून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. वर झाकण, चार स्क्रू, बाहेर दोन वायरी. जोडला. मोटारी चालूच होत्या. सासरे म्हणाले, "हालो." गाव हादरलं! मोटारी बंद केल्या, तरी आवाज तेवढाच. पुन्हा सुरू केल्या, तरी तेवढाच.

"यप्पा, एवढा मोठा नको," साडू म्हणाले आणि त्यांनीच आवाज बारीक केला. माझ्याच अ‍ॅम्प्लिफायरचा!

सासऱ्यांनी तो डबा एका हातावर तोलला, माझी पेटी दोन्ही हातांनी तोलली आणि निकाल दिला. "लग्नाला जतच्या पावण्यांचं लावू. आनी सांगलीकर, तुमचं ह्ये वाया न्हाई जायाचं. पुढच्या खांबाला फरशीत खड्डा घेता येत न्हाई. त्येच्या बुडाला असंच कायतरी वजनदार पायजेल हुतं."

अशा रीतीनं माझा एलिमिनेटर मांडवाच्या खांबाला टेकू म्हणून रुजू झाला. त्यावर कुणीतरी आंब्याचा डहाळा बांधला.

जेवणाच्या पंगतीत सासऱ्यांनी विचारलं, "जयसिंगराव, ह्या डब्यात केलंय तरी काय?" मी वांग्याच्या भाजीत लक्ष असल्याचं दाखवत कान टवकारले.

"मामा, आमच्या जतला पानी कमी," साडू म्हणाले. "हंडे भरून उपसाय लागलो तर संपलंच. म्हून आमी तांब्यानं घेतो. लागंल तेवढंच, पण सारखं सारखं. तसंच ह्ये. साडूभाऊंचा ट्रान्सफॉर्मर हंडा हाय. एका सेकंदात पन्नास हंडे. हंडा मोठा, म्हून लोखंड जास्ती. माझ्या डब्यात आधी लाइनीतली वीज सरळ करून एका कपॅसिटरात साठवायची. त्यो हौद. मग एक ट्रान्झिस्टर त्यातनं तांब्या-तांब्यानं वीज सोडतो. चालू-बंद, चालू-बंद, एका सेकंदात वीस हजार येळा. तांब्या ल्हान, म्हून ट्रान्सफॉर्मर सुपारीएवढा पुरतो. पुन्याच्या जुन्या बाजारात फुटक्या टीव्हीतला मिळाला."

"आनी मोटारी चालू झाल्या की?"

"हौदातलं पानी खाली गेलं की तांब्या जरा जास्ती येळ बुडवायचा. पानी वर आलं की कमी येळ. भाईरची बारा व्होल्टची पातळी बघून त्यो ट्रान्झिस्टर आपलंआपनच ठरवतो. दुसऱ्या पद्धतीत ज्यादाचं पानी सांडून द्यावं लागतं, त्येची नुसती गर्मी हुती."

"दुसऱ्या पद्धतीत" म्हणजे कुणाच्या, हे सांगायची गरज नव्हती. सगळी पंगत माझ्याकडे बघत होती. "फकस्त एक हाय," साडू म्हणाले. "झाकण काढून चालवायचं न्हाई. आनी बंद केल्यावरबी लगीच उघडायचं न्हाई."

झालं! मला वर्म सापडलं. उघडायचं नाही म्हणजे आत नक्की सेल लपवलेत! सेकंदाला वीस हजार वेळा म्हणे. मी वीस वर्षं सोल्डर लावत होतो, कुणाला शिकवतोस?

दुसऱ्या दिवशी दुपारी घर जेवून आडवं झालं. संध्याकाळच्या हळदीची तयारी सोप्यालगतच्या खोलीत मांडलेली होती आणि सुरक्षित जागा म्हणून साडूंचा डबाही तिथंच फळीवर, भिंतीच्या प्लगला जोडून ठेवलेला होता. ("रातभर चालू ठिवून बघितला, गरमबी न्हाई," असं सकाळी सुमन चारदा सांगून गेली होती.) मी खिशात स्क्रू-ड्रायव्हर घालून आत गेलो आणि शहाण्या माणसासारखा आधी प्लग काढला. माझ्या एलिमिनेटरमध्ये प्लग काढला की विषय संपतो. आतल्या कपॅसिटरात सोळा-सतरा व्होल्ट असतात, त्यानं गुदगुल्यासुद्धा होत नाहीत.

चार स्क्रू काढले. झाकण डाव्या हातात धरलं. आत पाहिलं. एक काळा सुपारीएवढा तुकडा, त्यावर केसासारख्या तारा. एक ट्रान्झिस्टर. आणि औषधाच्या बाटलीएवढा एक कपॅसिटर. सेल कुठं दिसेनात. म्हणजे कपॅसिटरच्या पाठीमागे असणार, लबाड! मी त्याची दोन्ही टोकं चिमटीत धरून तो जरा बाजूला वाकवला.

साडूचा हौद भरलेला होता. तीनशे व्होल्टनी.

माझ्या तोंडून निघालेला शब्द इथं लिहिता येण्यासारखा नाही. डोळ्यांसमोर फौजेचा सगळा सिग्नल विभाग चमकून गेला आणि मी दोन पावलं मागे जाऊन बसलो. मागे पितळेची परात होती. परातीत बेबीच्या अंगाला लावायची हळद होती. तेल-पाणी घालून, कालवून, तयार. मी तिच्यात बसलो आणि मग सावरायला म्हणून दोन्ही हात टेकले. तेही तिच्यातच.

बाहेर सासूबाईंच्या पाटल्या वाजल्या. मी उठलो. झाकण कुठं गेलं? परातीत, मी बसलो होतो तिथंच! पिवळंधमक आणि माझ्या वजनानं वाकलेलं. ते बसवायला वेळ कुठला? कोपऱ्यातल्या ताटांच्या चळतीखाली सरकवलं, उघड्या डब्यावर सुमननं विणलेला रुमाल टाकला आणि वळलो.

"आगं बया!" सासूबाई दारात. "पावनं, ह्ये काय?"

"हळद बघत होतो, मामी." जीभ अजून थरथरत होती. "सांगलीचा माणूस ना मी... पारख करायची सवय..."

"आशी? बसून?"

"पेठेत अशीच करतात," मी म्हणालो. पेठेची मी अशी बदनामी त्याआधी कधी केली नव्हती.

हात धुवायला विहिरीवर गेलो आणि साबण लावला. सांगलीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं की हळदीला साबण लागला की ती लालभडक होते. मी लालभडक झालो. बायको पाणी शेंदत होती. तिनं माझे हात पाहिले, मग पाठीमागे जाऊन धोतर पाहिलं.

"आवं, खरं सांगा. काय केलंत?"

"काही नाही."

"जयसिंगरावांच्या डब्याला हात न्हाई ना लावला?"

"मी कशाला लावू? तसल्या डबड्याला?"

"मग बरं," ती म्हणाली आणि तिनं माझ्याकडे असं पाहिलं की त्यापेक्षा कपॅसिटर बरा होता. संध्याकाळी हळदीला जमलेल्या बायका मला बघून तोंडाला पदर लावत होत्या. "नवरीच्या आधी थोरल्या जावयालाच हळद लागली गं!"

लग्नाचा मुहूर्त दुसऱ्या दिवशी दुपारचा. साडू वऱ्हाड आणायला गेले होते, ते ऐन वेळी आले, रुमालासकट डबा मांडवात आणला आणि घाईनं वायरी जोडल्या. (झाकून ठेवलंय म्हणजे आईंनी काळजीनं झाकलं असणार, असं त्या सज्जन माणसाला वाटलं.) अंतरपाट धरला. नवरा पाटावर, बेबी पलीकडे. भटजींनी माइकसमोर तोंड उघडलं.

"स्वस्ति श्री..."

"घर्रर्रर्रर्रऽऽ!" कर्णा म्हणाला.

भटजी दचकून मागे सरले. पुन्हा पुढे आले. पुन्हा घर्रर्र! शेजारच्या घरात रेडिओ लागला होता, त्यातूनही तेच घर्रर्र. कोपऱ्यावरच्या हॉटेलातला रेडिओ घरघरायला लागला. व्याही सासऱ्यांकडे बघू लागले. सासऱ्यांचा फेटा घामानं ओला झाला होता. आणि मला काय वाटत होतं? लाज वाटते सांगायला, पण मला आनंद झाला होता! अगदी पोटातून. तांब्या-तांब्यानं वीज सोडता काय!

"सांगलीकर!" सासरे ओरडले. "मुहूर्त चाललाय. तुमचं जोडा!"

आठ वर्षांत एवढं गोड काही ऐकलं नव्हतं. मी धावलो. वाकून पेटीला दोन्ही हात घातले आणि सगळी ताकद लावून ओढली.

पेटी खांबाच्या बुडाला होती, हे माझ्या लक्षात होतं. खांब पेटीच्या जिवावर उभा होता, हे लक्षात नव्हतं. पुढचा खांब सरकला आणि मांडवाचं कापड पुढच्या तीन रांगांवर अलगद येऊन बसलं. खाली व्याही होते, त्यांचे थोरले बंधू होते आणि गावचे सरपंच होते. कापडाखालून नुसते फेटे हलत होते. मी अकरा किलो छातीशी धरून मधोमध उभा. कर्णा एकटाच गर्जत होता.

साडूंनी शांतपणे रुमाल उचलला. डबा उघडा. पत्र्याच्या बाजूवर पाच बोटांचा पिवळा ठसा, जणू कुणी वास्तुशांतीला उठवलेला. मांडवातल्या सगळ्या नजरा आधी त्या ठशावर गेल्या, मग माझ्या हातांवर.

"सेकंदाला वीस हजार येळा चालू-बंद हुतंय न्हवं," साडू माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "त्येचा गोंगाट समद्या रेडिओंत घुसतो. पत्र्याचं झाकण त्यो आत अडवून ठिवतं. झाकण कुठं हाय, साडूभाऊ?"

"ताटांखाली," मी म्हणालो. पुटपुटलोच.

ताटांखाली नव्हतं. ताटं पंगतीसाठी गेली होती. शेवटी ते आचाऱ्याकडे सापडलं. आमटीच्या एका पातेल्यावर ते बरोबर बसलं होतं. साडूंनी ते धोतराच्या सोग्यानं पुसलं, गुडघ्यावर ठोकून सरळ केलं, चार स्क्रू आवळले. घरघर कापल्यासारखी थांबली. लोकांनी हातांनीच कापड वर धरलं आणि भटजींनी खणखणीत आवाजात मंगलाष्टकं म्हटली. चार विहिरींवर मोटारी चालू होत्या. बेबीचं लग्न मुहूर्तावर लागलं.

अक्षता पडल्यावर सासरे तडक आमच्याकडे आले. पण त्यांनी तोंड उघडायच्या आत साडूच म्हणाले, "मामा, चुकी माझीच हाय. गडबडीत झाकण बसवायचंच इसारलो."

तिथं मला पहिल्यांदा कळलं की ह्या माणसाचा हेवा करायची माझी पात्रतासुद्धा नाही. हे कळल्यावर हेवा कमी झाला असेल असं तुम्हाला वाटत असेल. छे! दुप्पट झाला. एवढं मोठं मनसुद्धा त्यालाच मिळावं?

सासऱ्यांनी साडूंकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं आणि व्याह्यांना पंगतीला बसवायला गेले. मी तर सुटलो असंच समजलो. दुसऱ्या दिवशी निघताना शेजारच्या वस्तीवरचे एक गृहस्थ बिघडलेला रेडिओ काखेत मारून आले. "पाटील, तुमचं रेडिओवालं जावई आल्यात म्हणं?" मी पिशवी खाली ठेवली, बाह्या सरसावल्या. सासऱ्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"रेडिओचं आता जतचं पावनं बघत्यात," ते म्हणाले. "ह्ये सांगलीचं. ह्ये हळद बघत्यात."

त्याला आता कितीतरी वर्षं झाली. सासरी कुठंही लग्न निघालं की मला आठ दिवस आधी आग्रहाचं बोलावणं येतं. मी जातो, परातीसमोर उभा राहतो, चिमूटभर हळद बोटांवर चोळतो आणि गंभीरपणे मान हलवतो. मग सासूबाई हळूच माझ्यामागे एक पाट सरकवतात.